मळीतलं पेव

नदीच्या वळणावर एक गाव होतं आणि त्या गावात लगमव्वा नावाची एक भारी तापट बाई होती. राग कायम नाकावर. तरी गाव तिला सांभाळून घ्यायचं, कारण पेव खणावं तर लगमव्वानंच. पेव म्हणजे धान्य साठवायचं जमिनीतलं कोठार. तोंड अरुंद, पोट मोठं, खोली दोन पुरुष. आत कडब्याचं अस्तर, तोंडावर दगड, दगडावर चिखल थापला की आतला जोंधळा दोन-दोन वर्षं टणक राहायचा. लगमव्वाचा बाप हेच काम करायचा. तो गेला आणि तिनं त्याची कुदळ उचलली. तिनं खणलेल्या पेवात आजवर एक दाणा नासला नव्हता.

गावाची जुनी पेवं वरच्या माळावर होती, मुरमात. ती ढासळायला आली, तेव्हा आदगोंडा पाटलांनी गाव गोळा केलं. ते म्हणाले, "आता नवं पेव नदीकाठच्या मळीत. माळ लांब पडतो, चढणीला बैलं फेसाळत्यात, मुरूम खणायला महिना जातो. मळीत आठ दिवसांत काम फत्ते!" मळी म्हणजे नदीच्या गाळाची जमीन, पात्राहून चांगली उंच आणि तव्यासारखी सपाट. वरची माती काळी, भुसभुशीत, हातात घेतली तर खावीशी वाटावी अशी. तिथं तीन पिढ्यांत पूर चढला नव्हता, हेही खरंच होतं. लोकांनी माना डोलावल्या. भाद्रपदापर्यंत पुरेल एवढं घरात ठेवून चाळीस घरांचा बाकी वर्षाचा दाणा आणि पुढच्या पेरणीचं बी, सगळं एकाच मोठ्या पेवात ठेवायचं ठरलं. पाटलांनी तिथल्या तिथं नारळ फोडला.

फाल्गुनात लगमव्वानं खणायला घेतलं. हातभर माती झकास लागली. कंबरभर खाली गेली आणि तिनं कुदळ थांबवली. मातीचा रंग पालटला होता. राखेच्या रंगाची चिकण माती, तिच्यात तांबूस ठिपके, लोखंडावर गंज चढतो तसे, आणि मधेमधे मोहरीएवढे काळे खडे. माती होती कोरडी ठणठणीत, पण लगमव्वानं ओळखायचं ते ओळखलं. ज्या जमिनीत पाणी वर्षातले दोन-चार महिने तुंबून राहतं, तिथलीच माती अशी गंजते. पाणी उतरून जातं, डाग मागे राहतात. अशा जमिनीला चिबड म्हणतात. तिच्यात रब्बीचा जोंधळा छान येतो, कारण तो पेरेपर्यंत पाणी खाली गेलेलं असतं. पेवाचं तसं नाही. पेवाला तर सगळा पावसाळा तिथंच काढायचा. वरून कीर्तन, आतून तमाशा, अशी ती जमीन होती.

ती ढेकूळ घेऊन तडक पाटलांच्या सोप्यावर गेली. पाटील दोन सोबत्यांबरोबर पान जमवत बसले होते.

"पाटील, ही जागा न्हाई चालायची. पावसाळ्यात हितं खालनं पानी चढतं. ही माती बघा की!"

पाटलांनी ढेकळाकडे बघितलंसुद्धा नाही. "नारळ फुटलाय. आता जागा बदलली तर गावात माझं तोंड काय ऱ्हायलं? तुझं काम खणायचं. अक्कल सांगायला गावात मानसं हायेत."

दोघे सोबती फिदीफिदी हसले.

लगमव्वाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. का जाऊ नये? ज्याला मातीतलं ढिम्म कळत नाही त्यानं मातीत जन्म काढलेल्या बाईला अक्कल शिकवावी, आणि पान खाणाऱ्या टोळभैरवांनी वर दात काढावेत! इथवर तिचा राग सोळा आणे खरा होता. पण त्या रागाचं तिनं पुढं जे केलं, त्याला काय म्हणावं?

"चुलीत जावा तुमी आनि तुमचं पेव!" ती वाटेनं पुटपुटत गेली. "नासू दे जोंधळा. मग कळंल अक्कल कुनाला हाय ती." आणि चावडीवर जाऊन चार माणसांना सांगायचं सोडून ती परत खड्ड्यात उतरली. आठ दिवस दातओठ खात खणत राहिली. खणून झाल्यावर रिवाजाप्रमाणे तिनं आतून भिंती शेणामातीनं लिंपल्या. गंजाचे सगळे डाग तिच्याच हातानं झाकले गेले.

चैत्रात लोक जोंधळा घेऊन आले. पेवात वाकून बघायचे आणि तिला विचारायचे, "कसं झालंया गं?"

"पाटलांस्नी इचारा," ती म्हणायची.

लोकांना वाटलं, बाई नेहमीच्याच तिरसटपणानं बोलतेय. शेवटी चंद्राक्का आली. ही लगमव्वाची शेजारीण. नवरा गेलेला, पदरात तीन लेकरं. मागल्या साली लगमव्वा तापानं फणफणली होती, तेव्हा महिनाभर हिनंच तिला पेज भरवली होती. डोक्यावरचं पोतं उतरवून चंद्राक्का हसली. "म्या पाटलाला काय इचारू? तुझ्या हातचं हाय म्हनून डोळं मिटून वततीया."

शब्द लगमव्वाच्या गळ्यापर्यंत आला. तेवढ्यात पलीकडे मिशीवर ताव देत उभे असलेले पाटील तिच्या नजरेला पडले. तिनं शब्द गिळला.

"पाटलांस्नीच इचार," ती म्हणाली आणि पाठ फिरवली. चंद्राक्कानं बाकी वर्षाचा सगळा जोंधळा त्या भोकात ओतला. लगमव्वानं आपल्या मजुरीचा जोंधळा मात्र घरी नेऊन कणगीत भरला.

पावसाळा लागला. आषाढात नदी फुगली, पण काठाच्या आतच राहिली. "बघा, आला का पूर?" पाटील ज्याला त्याला विचारत सुटले. एक दिवस पावसाची उघडीप बघून लगमव्वा मळीत गेली. वरून जमीन चालण्याजोगी होती. तिनं टाच जोरानं रोवून काढली, तर खळग्यात खालून पाणी जमा झालं. अजून वेळ गेली नव्हती बरं का! पेव त्याच दिवशी उघडलं असतं, तर वरचा अर्धा जोंधळा तरी हाती लागला असता. पण बाईला आठवलं काय, तर त्या दोघांचं फिदीफिदी हसणं. मूग गिळून ती घरी आली आणि आपल्या कणगीतला जोंधळा दळायला बसली.

भाद्रपदात घराघरांतले दाणे संपले. पेवावरचा दगड हलवला आणि असा आंबूस भपकारा आला की बायकांनी पदर नाकाला लावले. आत कंबरभर पाणी. जोंधळा काळा पडला होता. काही मोड येऊन कुजला होता, बाकीचा नुसता लगदा. खायचं गेलं, बी गेलं. कुणी रडत होतं, कुणी पाटलांच्या अंगावर धावून जात होतं.

"पूर आलाय का सांगा!" पाटील ओरडले. "माझा काय दोष? खननारीला इचारा की!" चोर तो चोर, वर शिरजोर!

या क्षणाची लगमव्वा सहा महिने वाट बघत होती. ती गर्दी कापत पुढं आली.

"म्या सांगितलं हुतं! ढेकूळ नाकाफुडं धरलं हुतं ह्येंच्या! हितं खालनं पानी चढतं, ह्या तोंडानं सांगितलं हुतं! इचारा त्येंस्नी, खरं का खोटं!"

पाटलांची मान खाली गेली. लोकांनी त्यांना नको नको ते ऐकवलं. लगमव्वाच्या जिवाला अगदी गार वाटलं.

चंद्राक्का मात्र ओरडत नव्हती. कुजका जोंधळा मुठीत घेऊन ती लगमव्वासमोर येऊन उभी राहिली.

"म्हंजे तुला ठावं हुतं?"

"व्हय तर!"

"सांगितलंस कुनाला?"

"पाटलाला."

"आनि मला?"

लगमव्वा म्हणाली, "माझा अपमान केला हुता त्येनं."

"त्येनं केला," चंद्राक्का म्हणाली. "म्या न्हवं."

संध्याकाळी लगमव्वानं कणगी झाडून रिकामी केली आणि टोपली चंद्राक्काच्या उंबऱ्याशी नेली. चंद्राक्कानं ती घेतली. पोरं उपाशी होती, मानापमानानं त्यांची पोटं भरणार नव्हती. पण जोंधळा सुपात ओतून घेताना ती वर न बघता बोलली.

"टोपलीभर जोंधळा आज आनलास. ह्यो आमाला चार दीस जाईल. चैतात एक शब्द बोलली असतीस, तर चाळीस घरांस्नी फुडल्या सुगीपत्तुर गेला असता."

तात्पर्य: राग एकाचा येतो, पण आपल्या गप्प बसण्याची शिक्षा साऱ्यांना भोगावी लागते. जे खरं ठाऊक आहे ते आधी चारचौघांत ओरडून सांगावं, आणि मग रुसायचं तेवढं खुशाल रुसावं.