कोठाराची वाळवी आणि गाळातली पेरणी

मुलांनो, नदीकाठच्या एका जंगलात एक खार राहत असे. एके सकाळी शेजारच्या ढोलीतली साळुंकी उडता उडता ओरडली, "अगं खारूताई, ऐकलंस का? राजाच्या कोठाराला म्हणे वाळवी लागली, आणि..." पुढचे वाऱ्याने नेले. खार टुणकन फांदीवरून खाली उतरली. पावसाळ्यात पिल्लांना पुरावेत म्हणून तिने जमवलेले सगळे दाणे त्याच कोठारात होते! राजा सिंह ते जंगलाच्या कामांसाठी उसने घेई आणि पावसाळ्याच्या तोंडावर पायलीमागे मूठभर जास्त घालून परत करी. त्या उसनवारीला सारे जंगल जामीन असे.

तेवढ्यात कोल्हा आलाच. "काढा ते दाणे, ताई! मी नदीच्या गाळात पेरतोय. पायलीच्या दोन पायल्या!"

"आणि नदीला पाणी आलं तर?"

"शुभ बोला की!"

"मी पाण्याचं विचारतेय आणि तुम्ही मला बोलायला शिकवता?" खार भडकली. "पिल्लं उपाशी राहिली तर तुमचं ते शुभ शिजवून घालू का त्यांना? वाळवी लागली तरी माझ्या दाण्यांना सारं जंगल जामीन आहे. चला, निघा इथून!"

फिरून आलेली साळुंकी हे ऐकून फिदीफिदी हसली. "बस मग मुठीची वाट बघत!" असे म्हणून तिने कोठारातले आपले सगळे दाणे काढून कोल्ह्याला दिले.

पीक छान तरारले. पण चैत्रात डोंगरावर अवकाळी पाऊस कोसळला, नदी फुगली आणि शेंगांसकट सारे वाहून गेले. "माझ्याकडे काय मागता? नदीला विचारा!" म्हणत कोल्हा चालता झाला.

पावसाळा जवळ आला. खार रडवेल्या साळुंकीला घेऊन कोठाराशी गेली. दाराला हात लावताच भुसा गळला.

"खाल्लं ना शेवटी!" ती राखणदार वानरावर कडाडली.

वानर ओशाळला. "दार खाल्लंय, ताई. नवं करा म्हणून कधीचा ओरडतोय, पण कोण ऐकतंय? दाणे मातीच्या रांजणांत आहेत, तिथे वाळवी पोचली नाही."

त्याने दाणे मोजून दिले, वर मुठीही घातल्या. खारीने त्या वरच्या मुठी साळुंकीपुढे ओतल्या. "घे, पिल्लांना घाल! आणि पुन्हा अशी अर्धी बातमी आणलीस तर याद राख. वाळवी लागली म्हणे! लागली, पण दाराला!"

तात्पर्य : पिल्लांच्या तोंडचा घास जास्तीच्या आशेने नदीच्या भरवशावर टाकू नये; जिथे सारे जंगल जामीन आहे, तिथली मूठभर वाढच पुरेशी मानावी.