चंद्रीच्या पाठीवरचा बगळा

माझ्या मिशीला दात येत हुते तवाची गोष्ट. म्हशी चालल्या की गवतातनं टोळ उडायचे. बगळे ते खायचे अन् बदल्यात म्हशींचे गोचीड काढायचे. लंगडी चंद्रीम्हैस चालायचीच न्हाई, मग तिच्याकडं कोण जाणार?

"जी जास्ती टोळ उडवंल तिच्याकडं आमी जाणार. चढाओढीनं काम चोख व्हतं, आक्का!" बगळे थोरल्या तानूम्हशीला म्हणायचे.

पर समद्या म्हशी एकाच चिंचंखाली बसायच्या. चंद्री रगत आटून मरायला टेकली, अन् तिचे गोचीड तानूच्या कानात शिरले.

तानू गरजली, "आरं चोखांनो, आधी चंद्रीला साफ करा! तिच्याभवती आमी समद्या गवत तुडवतो, टोळ तितंच मिळतील."

आता चंद्री पाठीवर बगळा घिऊन, मान ताठ करून परक्या म्हशीला इचारते, "काय गं, तुमच्यात लंगडीला बगळा मिळतो का?"