टिचकीचा दाणा आणि कुबट कपाट

एक होती उंदरी. इवलीशी. नाव तिचं टिचकी.

ती राहायची जुन्या लाकडी कपाटात. अगदी खालच्या कप्प्यात.

टिचकीकडे एक शेंगदाणा होता. भाजलेला. खमंग! तिने तो चिंध्यांत लपवला. आणि कुठे लपवला, तेच विसरली.

टिचकी हुंगू लागली. हुंग हुंग! हुंग हुंग! पण सगळीकडे एकच वास. ओल्या मोज्यासारखा. कुबट!

"कपाटा, कपाटा, किती रे तुझा वास! माझा दाणा मिळेना."

कपाट म्हणालं, "मी तरी काय करू? पावसाळाभर बंद आहे. मला हवा हवी. वाऱ्याला बोलाव."

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु. दाराखालच्या फटीतून अंगणात.

"वाऱ्या, वाऱ्या, आत ये ना!
वास जाईना,
दाणा मिळेना!"

वारा म्हणाला, "फटीतून येऊ? मी काय उंदीर आहे? खिडकी उघडली तर येईन. नाहीतर नाही!"

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"खिडकी, खिडकी, उघड ना!
वारा शिरेना,
वास जाईना,
दाणा मिळेना!"

खिडकी म्हणाली, "दोडक्याच्या वेलाने मला घट्ट बांधलंय. वेलाने सोडलं तर उघडेन. नाहीतर नाही!"

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

"वेला, वेला, सोड ना!
खिडकी उघडेना,
वारा शिरेना,
वास जाईना,
दाणा मिळेना!"

वेल म्हणाला, "माझ्या अंगावर सात दोडके! सोडलं तर धपकन पडेन. घरातल्या सुगंधामावशीने दोडके तोडले तर सोडेन. नाहीतर नाही!"

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

सुगंधामावशी पायरीवर बसली होती. गालाला हात लावून.

"काय हवं गं तुला?"

"हवा!"

"काय हवा? लाडू हवा?"

"नाही. हवा!"

"पापड हवा?"

"नाही हो मावशी! हवा हवी, हवा!
वेल सोडेना,
खिडकी उघडेना,
वारा शिरेना,
वास जाईना,
दाणा मिळेना!"

"अस्सं होय! पण दोडके ठेवू कशात? टोपलीत तर झिपरी शेळी बसलीय. झिपरी उठली तर तोडेन. नाहीतर नाही!"

टिचकी निघाली. तुरुतुरु, तुरुतुरु.

झिपरी टोपलीत बसली होती. शिंगं बाहेर, शेपूट बाहेर, मधली शेळी आत.

"झिपरे, झिपरे, ऊठ ना! हवा हवी!"

"काय हवा? पाला हवा? पाला माझा आहे!"

"पाला नको गं!
मावशी तोडेना,
वेल सोडेना,
खिडकी उघडेना,
वारा शिरेना,
वास जाईना,
दाणा मिळेना!"

झिपरी म्हणाली, "मला शिंक येतेय. आ... आ... छे! गेली परत. शिंक आली तर उठेन. नाहीतर नाही! जा, शिंकेलाच सांग."

"शिंक राहते कुठे?"

"माझ्या नाकात!"

टिचकी चढली झिपरीच्या तोंडावर. नाकात डोकावली. आत अंधार.

"शिंके, शिंके, ये ना!
शेळी उठेना,
मावशी तोडेना,
वेल सोडेना,
खिडकी उघडेना,
वारा शिरेना,
वास जाईना,
दाणा मिळेना!"

झिपरीने नाक फेंदारलं. "शी! कसला गं हा कुबट वास? तुझ्या अंगाला येतोय! आ... आ... आ..."

आऽऽक् छीऽऽ!

टिचकी उडाली. गवतात पडली. टुप्प!

शिंक आली.
शेळी उठली.
मावशीने दोडके तोडले, खुड् खुड् खुड्!
वेलाने सोडलं, सळसळ!
खिडकी उघडली, कर्रर्र!
वारा शिरला, सूंऽऽ!

"अगंबाई!" सुगंधामावशी म्हणाली. "ही खिडकी उघडते होय?"

मावशी आत धावली. तिने कपाटाची दारं उघडली. एकेक कप्पा ओढला, खर्रर्र! उन्हात मांडला. वारा कप्प्याकप्प्यांत नाचला. थोडा वास गेला. आणखी थोडा गेला. सगळा वास गेला!

टिचकी खालच्या कप्प्यात शिरली. हुंग हुंग! हुंग हुंग!

लाकडाचा वास. चिंध्यांचा वास. आणि... खमंग!

"मिळाला! माझा दाणा मिळाला!"

तिने दाणा दोन्ही हातांत धरला. साल काढली. कुरुम कुरुम, कुरुम कुरुम!

"मला दे की थोडा!" कपाट म्हणालं.

"तुला दात कुठे आहेत?"

"नाहीत. पण आता मला वास तर घेता येतो ना!"

मग टिचकीने साल कपाटाला दिली. लाल लाल, पातळ पातळ. कपाट दिवसभर ती हुंगत बसलं.

दाणा टिचकीच्या पोटात, साल कपाटाच्या कप्प्यात, आणि गोष्ट गेली तुझ्या कानात!