सुटलेल्या मिठाचा शाप

एका राज्यात मिठाचे सरोवर होते. पाणी असे दाट, की त्यात माणूस बुडवायचा तर पायाला दगड बांधावा लागे. राजा अरिंजयाने तसा एक माणूस बुडवला. त्याचे नाव सोमिल. मांत्रिक भेदाक्षाचा तो एकुलता एक मुलगा. राजाने त्याला मिठाचे सोने करायला फर्मावले होते. सोमिल म्हणाला, "महाराज, मिठात सोने नाही. जे नाही ते मी कुठून काढू?" एवढाच त्याचा अपराध.

भेदाक्ष काठावर आला. रडला नाही, ओरडला नाही. राजवाड्याकडे तोंड करून म्हणाला, "माझे जोडलेले तू तोडलेस. आता तुझ्या राज्यात जोडलेले काही जोडलेले राहणार नाही." मग तो मुलाचा देह घेऊन सरोवरातल्या बेटावर, आपल्या काळ्या रसशाळेत निघून गेला.

दुसऱ्या सकाळी मीठ सुटले.

मीठ म्हणजे दोघांचा मेळ. एक सिंधू नावाचा धातू, लोण्यासारखा मऊ, पाण्याला शिवताच पेटणारा. दुसरा हर नावाचा हिरवट वायू, श्वासात गेला की छाती जाळणारा. एकत्र असतात तोवर दोघे मुकाट ताटाच्या कडेला बसतात. त्या सकाळी ते वेगळे झाले. मिठागरे पेटली. हिरवा वायू वाऱ्याबरोबर उतरत सखल गावांत शिरला आणि विहिरीच्या तळाशी साचावा तसा घराघरांत साचला. चुलीपुढे बसलेल्या बायका चुलीपुढेच राहिल्या. राजा अरिंजय तलवार उपसून त्या वायूत शिरला. सापडला तेव्हा त्याच्या चिलखताच्या तांब्याच्या कड्या हिरव्या पडल्या होत्या.

राज्य राणी मेखलेच्या हाती आले. नवऱ्यासाठी रडावे की रडू नये, हे तिला ठरवता आले नाही, आणि ठरवायला वेळही मिळाला नाही. कारण मिठामागून माती सुटली. तांबड्या डोंगरांची तांबडी माती करड्या लोखंडी भुकटीत बदलली आणि तिच्यात पेरलेले बी उगवेना. मातीमागून हाडे सुटू लागली, ती आधी लहानांची. मेखलेची मुलगी कुंदा एके दुपारी अंगणात धावता धावता खाली बसली, ती उठलीच नाही. तिचा पाय मेणबत्तीसारखा वाकला होता.

"आई, दुखत नाही," कुंदा म्हणाली. "फक्त पाय माझे ऐकत नाही."

मेखलेने त्याच दिवशी बेटाकडे नाव सोडायला सांगितली. बरोबर निघाला सेनापती गंभीरराव. म्हातारा होता, पण हट्टी होता. त्याच्या नातवाचे हात मऊ पडले होते.

सरोवराच्या उथळ पाण्यात एक रोहित पक्षी एका पायावर उभा होता. नाव जवळ येताच तो बोलला.

"राणी, तिथे तीन दालने आहेत. प्रत्येकात एक देणारा आणि एक घेणारा वेगवेगळे पडले आहेत. त्यांचे खरे नाव उच्चारलेस आणि खरे सूत्र लिहिलेस, तर मेळ होईल. चुकलीस, तर ते तुला घेतील."

"तुला हे कसे ठाऊक?"

"भेदाक्ष मुलाला शिकवी, तेव्हा मी खिडकीखाली उभा असे. सोमिल मोठ्याने पाठ करी. मीही ऐकून ऐकून शिकलो."

"मग मलाही शिकव."

रोहिताने चोच पाण्यातून वर काढली. "धातू देणारा. त्याच्यापाशी ठिणग्या जास्त असतात. घेणाऱ्यापाशी कमी असतात. दिलेल्या आणि घेतलेल्या ठिणग्या सारख्या झाल्या पाहिजेत, एकही उरता कामा नये, एकही कमी पडता कामा नये. नावात देणारा आधी येतो. घेणारा मागून येतो आणि आपली शेपटी बदलतो. हरचा हरिद होतो, प्राणवायूचा प्राणिद."

"आणि किती जण लागले, ते?"

"ते नावात येत नाही. ते लिहिताना अक्षराच्या पायाशी बारीक लिहायचे. एकटा असेल त्याच्या पायाशी काही लिहायचे नाही. काही घेणारे मात्र एकटे नसतात, कुटुंब करून राहतात. त्यांची शेपटी 'इत'. त्यांचे घर मोडू नकोस, राणी. घराला कुंपण घाल आणि किती घरे ते कुंपणाबाहेर लिही."

"एवढेच?"

"मला एवढेच ऐकू आले. पुढे पाठ करणारा राहिला नाही."

पहिले दालन मिठाचे होते. डाव्या कुंडात सिंधूचे रुपेरी तुकडे तेलात बुडालेले, उजव्या कुंडात हिरवा वायू घुमत होता. मेखलेने पदर नाकावर घट्ट धरला, तरी डोळ्यांतून पाणी वाहू लागले. सिंधू एक ठिणगी देतो, हर एक घेतो. तिने भिंतीवरच्या पाटीवर बोटाने दोन अक्षरे लिहिली, सिं आणि ह, आणि म्हणाली, "सिंधुहरिद."

पिवळी ज्वाळा उठली आणि विझली. कुंडांमध्ये पांढरे शुभ्र मीठ पडले होते. मेखलेने चिमूटभर जिभेवर ठेवले. ते खारट होते, नुसते खारट.

दुसऱ्या दालनात लोखंडाची भुकटी होती आणि वर प्राणवायू कोंडला होता. गंभीरराव पुढे झाला.

"राणीसाहेब, जन्मभर लोखंडाशी संगत केली. याचे नाव मला घेऊ द्या."

"सेनापती, थांबा. जरा विचार—"

"लोह दोन ठिणग्या देते, प्राण दोन घेतो. लोहाराच्या पोरालाही ठाऊक असते." त्याने पाटीवर लो आणि प्रा लिहिले आणि खणखणीत आवाजात म्हटले, "लोहप्राणिद!"

भिंतीतून आवाज आला. "कोणते लोह?"

गंभीररावाने मागे वळून मेखलेकडे पाहिले. त्याच्या चेहऱ्यावर भीती नव्हती, नुसते आश्चर्य होते. लोह दोन तऱ्हेचे असते, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते. त्याचे चिलखत क्षणात गंजले, गंज आत शिरला, आणि म्हातारा उभ्या जागी तांबड्या मातीचा ढीग होऊन कोसळला.

मेखला त्या ढिगापाशी बसली. किती वेळ बसली, तिला कळले नाही. मग तिने हात त्या मातीत घातला. माती तांबडी होती, गेरूसारखी. राज्यातल्या हरवलेल्या डोंगरांसारखी. आणि माहेरच्या रसवैद्याचे बोलणे तिला आठवले: लोह दोन ठिणग्या देते तेव्हा त्याला लोहस म्हणावे, त्याची राख काळी. तीन देते तेव्हा लोहिक म्हणावे, त्याची राख तांबडी. गंभीररावाने दोनच मोजल्या होत्या. मातीने तीन दिल्या होत्या.

लोहिक तीन देतो आणि प्राण दोन घेतो. एकाला एक लावला तर एक ठिणगी उरते, आणि उरलेली ठिणगी माणूस खाते. दोन लोहिक घेतले तर सहा ठिणग्या झाल्या. तीन प्राण घेतले तर सहा मागितल्या. आता मोकळे कोणीच राहत नव्हते. तिने लो लिहिले आणि पायाशी बारीक दोन, प्रा लिहिले आणि पायाशी बारीक तीन.

"लोहिक प्राणिद," ती म्हणाली. तिचा आवाज फाटला, पण नाव पुरे उच्चारले गेले.

भुकटी तांबडी झाली. गंभीररावाचा ढीग तसाच राहिला. तिने तो आपल्या शालीत भरला आणि शाल खांद्याला बांधली.

तिसऱ्या दालनात भेदाक्ष बसला होता. समोर दगडी कुंड होते. कुंडात एकीकडे रुपेरी धातूचा चुरा, दुसरीकडे धुरकट, अस्वस्थ काहीतरी हलत होते.

"हा माझा मुलगा आहे," भेदाक्ष म्हणाला.

मेखलेला प्रथम कळले नाही. मग कळले. राज्यातली हाडे सुटत होती, तेव्हा सोमिलाचीही सुटली होती. शापाने आपले-परके पाहिले नव्हते.

"नदीत सोडायला अस्थी उरल्या नाहीत," तो म्हणाला. "मी तोडण्याचा मंत्र उच्चारला. माझ्या तोंडून मेळाचे नाव निघत नाही. रोज म्हणून पाहतो, रोज जीभ दाताखाली येते." त्याने तोंड उघडून दाखवले. जीभ जखमांनी भरली होती.

"मग मला अडवायला कुणाला का नाही ठेवलेत?"

"अडवायचे नव्हते. पण क्षमाही करायची नव्हती. म्हणून दारे उघडी ठेवली, आणि प्रत्येक दारामागे परीक्षा." तो हसल्यासारखा झाला. "चूक केलीस तर तुझीही हाडे इथेच पडतील. मला त्याचे दुःख होणार नाही, राणी. खोटे कशाला बोलू?"

"मीही खोटे बोलत नाही," मेखला म्हणाली. "तुमच्यासाठी मी आलेले नाही. माझी मुलगी वाकते आहे."

ती पाटीपुढे उभी राहिली. रुपेरी चुरा खट धातूचा, चुन्यातला. खट दोन ठिणग्या देतो. आणि हा धुरकट? रसवैद्य सांगे, हाडात एक स्फुरद असतो आणि त्याच्याभोवती चार प्राण, एका घरात राहणारे. घराचे नाव स्फुरित, सगळे मिळून तीन ठिणग्या मागणारे. तिने एकाला एक लावून पाहिले. घरात एक ठिणगी कमी पडली. दोन खट लावले, तर एक उरली. तिच्या करंगळीचे हाड मऊ झाले आणि बोट लोंबू लागले. तिने ते मुठीत दाबून धरले. तीन खट. तीन खट सहा देतात. दोन घरे सहा घेतात.

तिने ख लिहिले, पायाशी बारीक तीन. मग स्फु, मग प्रा, त्याच्या पायाशी चार. पुढे दोन लिहायला बोट टेकवणार, तोच ती थबकली. तसे लिहिले असते तर दोन प्राणालाच चिकटला असता, घर फुटले असते, आणि उघडा पडलेला स्फुरद हवेत पेटतो. तिने आधी स्फु आणि प्राभोवती कुंपण घातले, मग कुंपणाबाहेर, पायाशी, बारीक दोन लिहिले. ख३(स्फुप्रा४)२.

"खटस्फुरित," ती म्हणाली.

कुंडात आवाज झाला, जसा वाळलेल्या फांद्या एकमेकींवर ठेवताना होतो. मेखलेने पाहिले नाही. भेदाक्ष कुंडात वाकला, आणि काठावर ज्याने एक हुंदका दिला नव्हता, तो आता गुरासारखा हंबरला. ती भिंतीला टेकून उभी राहिली. त्याला थोपटावे असे तिला वाटले नाही, पण त्याला एकटे सोडून जावे असेही वाटले नाही.

शेवटी त्याने अस्थी पांढऱ्या वस्त्रात बांधल्या. "सखल गावांतले लोक परत येणार नाहीत," तो म्हणाला.

"ठाऊक आहे."

"राजाही नाही. सेनापतीही नाही."

"ठाऊक आहे. आता जा. पुन्हा या राज्यात येऊ नका."

तो नदीच्या वाटेने गेला, तो पुन्हा दिसला नाही.

राणी परतली तेव्हा डोंगर तांबडे झाले होते. गंभीररावाची माती तिने त्याच्या शेताच्या बांधावर, त्याच्या नातवाच्या हाताने पसरवली. हिरवा वायू गेला, मिठागरांवर पुन्हा माणसे उभी राहिली, पण सखल गावांत दिवे लागायला पुष्कळ वर्षे लागली. कुंदा चालू लागली. तिचा उजवा पाय जन्मभर थोडा वाकडा राहिला, आणि पुढे ती गादीवर बसली तेव्हा दरबारात तिची चाल दुरून ओळखू येई. तिने पहिला हुकूम काढला तो असा, की या राज्यात "नाही" म्हणणाऱ्याला राजानेसुद्धा हात लावू नये. ते राज्य पुढे पुष्कळ दिवस सुखाने नांदले, आणि ऐकणाऱ्यांच्या घरीही मिठाला चव राहो.