सगुणा कासारणीच्या दोन पौर्णिमा

कर्दळीपूर नावाच्या गावात सगुणा नावाची एक कासारीण राहत होती. राहत होती खरी, पण गाव तिचं नव्हतं. ती डोंगरापलीकडच्या राज्यातून आलेली. आली तेव्हा डोक्यावर बांगड्यांचा हारा आणि पोटात धास्ती, एवढंच काय ते तिचं सामान.

कर्दळीपूर ज्या राज्यात होतं, त्याचा कायदा मोठा कडक होता. परदेशी माणसाला कायमचं राहायचं असेल, तर त्याने दर पौर्णिमेला चावडीवर जाऊन आपल्या धंद्याची खूण उमटवायची. सुताराने पटाशीची, कासारणीने शाईत बुडवलेल्या बांगडीची. सात वर्षं, चौऱ्याऐंशी पौर्णिमा. बाहेरगावी जायचं तर आधी रजा लिहवायची. हे सगळं नीट पार पडलं आणि गावाने चांगली साक्ष दिली, की कायम वास्तव्याची सनद. मग घर बांधा, विहीर खणा, कोणी ‘ऊठ’ म्हणणार नाही. पण एक जरी पौर्णिमा रजेवाचून चुकल्याचं उघड झालं, की तोवरच्या सगळ्या खुणा रद्द आणि मोजणी पुन्हा पहिल्यापासून!

सगुणा स्वभावाने भित्री. शेजारी भांडं पडलं तरी दचकायची. पण बांगड्या भरताना तिचा हात कधी कापला नाही. मनगट लांबून पाहूनच ती माप सांगायची आणि ते चुकायचं नाही.

चौथ्या वर्षी डोंगरापलीकडून निरोप आला, आई अंथरुणाला खिळली आहे. सगुणा नेसत्या लुगड्यानिशी निघाली. शेजारी गोदाक्काची खानावळ होती. तिला म्हणाली, “अक्का, चावडीवर माझी रजा लिहवशील?”

“तू नीघ गं. मी बघते.”

आईचं शेवटपर्यंत सगळं करून सगुणा दोन महिन्यांनी परतली. तिने आल्या आल्या रजेचं विचारलं.

“झालं सगळं,” गोदाक्का म्हणाली. “आधी जेव. काय काडी झालीयेस!”

सात वर्षं भरली. सगुणाने सनदेसाठी अर्ज केला. साक्षीला गोदाक्का आणि अर्धी गल्ली कचेरीत आली. दर पौर्णिमेच्या खुणा वेगळ्या पानावर असत. कारकुनाने ती सगळी पानं ओळीने मांडली. सगुणा आपल्या खुणा आज पहिल्यांदाच एकत्र पाहत होती.

“चौऱ्याऐंशी,” सनदा देणारे दिवाणजी म्हणाले. “एकही कमी नाही. शाबास!” आणि त्यांनी शिक्का उचलला.

सगुणा मात्र दचकली. चौथ्या वर्षाच्या दोन पानांवर ‘रजा’ असं लिहिलेलं हवं होतं. तिथे गोल खुणा होत्या. आणि त्या तिच्या नव्हत्या. तिची बांगडी सव्वादोनच्या मापाची. ही वर्तुळं पावणेतीनची. दिवाणजींना सगळी वर्तुळं सारखीच दिसत होती, पण कासारणीचा डोळा तो! गल्लीत पावणेतीनचं मनगट एकच होतं. तिने वळून गोदाक्काकडे पाहिलं. गोदाक्काने मान खाली घातली.

गप्प राहिलं की सनद हातात. बोललं की सात वर्षं पाण्यात. पण बांगडीचं माप तिने आजवर कुणाला खोटं सांगितलं नव्हतं. ते आज कसं सांगणार?

“थांबा,” ती म्हणाली. “या दोन खुणा माझ्या नाहीत.”

दिवाणजींनी शिक्का खाली ठेवला.

“मग कोणाच्या?” त्यांनी विचारलं.

“माझ्या नाहीत एवढंच मी सांगेन. त्या दोन पौर्णिमांना मी इथे नव्हते. रजा लिहिली आहे असं समजत होते.”

तेवढ्यात गोदाक्का पुढे झाली. “माझ्या आहेत हो! रजा मागायला गेले, तर तुमचा कारकून म्हणतो, जाणाऱ्याने स्वतः यावं. ती तर कधीच डोंगर चढली होती. मग घेतला पदर तोंडावर, म्हटलं, मी सगुणा. कोणी मान वर करून पाहिलंसुद्धा नाही.”

लोक हसले. कारकुनाचा चेहरा उतरला. दिवाणजी मात्र हसले नाहीत.

“गोदाबाई, वर्षभर चावडीचं अंगण तुम्ही सारवायचं. आणि सगुणा, तुझी मोजणी मोडली. ती जोडणं माझ्या हातात नाही.”

“मग एकपासून मोजा,” सगुणा म्हणाली. तिचा आवाज जराही कापला नाही. येत्या पौर्णिमेला तिने चावडीवर नव्याने पहिली खूण उमटवली. परतीच्या वाटेत गोदाक्का पुटपुटली, “बये, माझ्यापायी तुझं वाटोळं झालं.”

“वाटोळं कसलं अक्का? राहायचं इथेच आहे. सात वर्षं राहिले, आणखी सात राहीन.”

वर्ष गेलं. एक परदेशी सुतार सनद मागायला आला. त्याच्या बाजूने दहा जण बोलत होते, विरुद्ध दहा. दिवाणजी पेचात पडले. म्हणाले, “सगुणाला बोलवा. ती काय म्हणते?”

कारकून चाचरत म्हणाला, “सरकार, साक्ष रहिवाशाची लागते. ती तर अजून परदेशी.”

“बोलवा म्हणतो ना!”

सगुणा आली. सुताराला ती सहा वर्षं ओळखत होती. जे पाहिलं होतं तेवढंच तिने सांगितलं. चांगलं सांगितलं, त्याचा तापट स्वभावही सांगितला. दिवाणजींनी सुताराच्या सनदेवर शिक्का मारला. कोणी हूं की चूं केलं नाही.

शिक्का खाली ठेवताना दिवाणजी थबकले. तसेच उठले आणि राजाकडे गेले. सगळी हकिकत सांगून म्हणाले, “महाराज, जिच्या एका शब्दावर मी दुसऱ्याला सनद देतो, तिला परदेशी कोणत्या तोंडाने म्हणू?”

राजा म्हणाला, “मला विचारण्यात वेळ का घालवलात?”

संध्याकाळच्या आत सगुणाची सनद तिच्या दारात पोचली. दिवाणजी स्वतः घेऊन आले होते. दाराची कडी वाजली तशी ती नेहमीसारखी दचकली. मग कागद वाचला, आणि दिवाणजींना म्हणाली, “बसा. आज माझ्या गावात तुम्ही पाहुणे.”

तात्पर्य: स्वतःचं नुकसान दिसत असतानाही जो खरं बोलतो, त्याच्या शब्दावर लोक विसंबू लागतात, आणि ज्याच्या शब्दावर गाव विसंबतं, तो त्या गावात परका राहत नाही.