शिशाचा मासा आणि अर्धी कोळंबी

नायलॉनचा दोरा अजून कोकणात पोचला नव्हता. गरवायची, म्हणजे गरी ऊर्फ गळ टाकून मासे धरायची, दोरी सुताची असे, आणि ती टिकावी म्हणून ऐनाच्या सालीच्या काढ्यात उकळून लाल करत. त्या काळातली ही तारवली गावची गोष्ट. तिथे पुनाजी नावाचा एक गाबीत होऊन गेला. गाबीत म्हणजे दर्यावर जगणारी माणसं.

तारवलीसमोर पाण्याच्या तळाशी एक मोठं खडप आहे. त्या खडकाळ तळावर हेकरू, तांबोशी असे थोराड मासे राहतात. जाळं तिथे फाटून येतं, म्हणून गरीच टाकावी लागते. पुनाजी दोरीच्या टोकाला शिशाचा गोळा बांधायचा, त्याच्या वर दोन गऱ्या, आणि गऱ्यांना ताजी कोळंबी. दोरी बोटावर घेतली की खाली रेती आहे की खडक, आणि कोळंबी कोण कुरतडतंय, हे त्याला होडीत बसून कळायचं. तो माशाचं वयसुद्धा सांगायचा, असं म्हणतात. हे जरा जास्तच झालं, पण तारवलीत हसून दाखवायची हिंमत करू नका.

तिथे एक रीत होती. गरवायला बसलं की पहिली कोळंबी गरी न लावता तशीच पाण्यात सोडायची. गावातला सगळ्यात जाणता म्हणजे होड्यांचा म्होरक्या दाजी तांडेल. तो म्हणायचा, "आदी घास, मगे गरी. मासो आपलो पावणो आसा." पाहुण्याला जेवू घालून मग त्याचंच कालवण करायचं, हा कसला पाहुणचार, ते दाजीलाच ठाऊक! पण रीत सगळे पाळत. घास सोडून झाला की दोरी पायाच्या अंगठ्याला गुंडाळायची आणि डोळे मिटून पडायचं. मासा लागला की अंगठाच उठवायचा. काय सुखाचे दिवस होते ते.

मग एक वर्ष दर्या रुसला. नारळी पुनवेला नारळ सोडला, होड्या पाण्यात गेल्या, आणि जाळी रिकामी वर आली. बांगडा नाही, पेडवा नाही. बायका खाडीच्या चिखलात हात घालून मूठभर कोळंबी आणत, तेवढंच. त्यात पुनाजीची लेक गोदी तापातून उठलेली. अंगावर मांस म्हणून राहिलं नव्हतं, आणि पेजेशिवाय पोटात काही जात नव्हतं.

एका सकाळी पुनाजीने नेहमीप्रमाणे कोळंबीची करवंटी उचलली. त्याची बायको भिकल दारात आडवी उभी राहिली.

"तुमी चेडवाच्या तोंडातलो घास काडून माशांक घालतल्यात?"

आमिष नेलं नाही तर मासा नाही, आणि नेलं तर पोरीला आज काय घालायचं? पुनाजीने आत गोदीकडे पाहिलं, करवंटी चुलीपाशी ठेवली आणि नुसती दोरी घेऊन बाहेर पडला.

किनाऱ्यावर बसून तो हातातल्या शिशाच्या गोळ्याकडे बघत राहिला. मग त्याने दगड घेतला आणि तो गोळा ठोकायला लागला. ठोकून ठोकून लांबट केला, शेपटीकडे निमुळता केला, रेतीने घासून चकचकीत केला. पेडव्याएवढा शिशाचा मासा तयार झाला. त्यालाच त्याने गरी बांधली.

खडपावर पोचल्यावर त्याने होडी थांबवली. सोडायला घास नव्हता. तो पाण्याकडे वाकून म्हणाला, "आज माझ्याकडे काय नाय. उसनो दी. चेडू बरा झाला की घास घेवन येतंय."

शिशाचा मासा तळाला टेकला. पुनाजीने तो हातभर उचलला आणि सोडला. परत उचलला, परत सोडला. जखमी मासा गिरक्या घेत पडावा तसा तो खाली पडे. आणि असाच पडता पडता दोरीला असा हिसका बसला की होडी कलली. असं म्हणतात की त्या दिवशी वर आलेला हेकरू गोदीपेक्षा मोठा होता. साऱ्या गावाने रस्सा खाल्ला, आणि गोदीने वाटी चाटून पुसून परत पुढे केली.

एकटा दाजी तांडेल जेवला नाही. "दर्याक फशिवलंस, पुनाजी," एवढंच म्हणाला.

पण भुकेल्या गावात दाजीचं कोण ऐकणार? घरोघरी शिसं ठोकल्याचा आवाज सुरू झाला. दिवस पालटले, जाळी भरू लागली, कोळंबी टोपल्यांनी यायला लागली, तरी लोकांनी शिशाचा मासा सोडला नाही. आमिष शोधायला नको, हाताला वास नको. अंगठ्याला दोरी बांधून झोपायचं सुख मात्र गेलं, कारण शिशाच्या माशाला हात सतत हलता लागतो. आणि घास सोडायची रीतही गेली. पुनाजी रोज म्हणायचा, उद्या नेतो. गोदी अंगणात धावायला लागली, तरी त्याचा उद्या उगवला नाही.

मग एक दिवस खडप मुकं झालं. उचला, सोडा, कितीही खेळवा, दोरीला काही लागेना. कुणीतरी परत कोळंबी लावून पाहिली, तीही जशीच्या तशी वर आली.

पुनाजी घरी येऊन जेवायला बसला. शेजारी गोदी भाताबरोबर भाजलेली सुंगटं खात होती. तिकडे कोळंबीला सुंगट म्हणतात. तिने सहज विचारलं, "बाबा, दर्याचो घास दिलास?"

उसन्याची गोष्ट भिकलने तिला झोपवताना सांगितली होती. पुनाजीचा घास हातातच राहिला. गोदीने आपल्या पानातलं शेवटचं सुंगट उचललं, अर्धं खाल्लं, आणि उरलेलं अर्धं बापाच्या तळहातावर ठेवलं.

"ह्या घेवन जा. माजा पोट भरला."

पुनाजी ढसाढसा रडला. तसाच उष्ट्या हाताने उठला, खडपावर गेला, आणि ते अर्धं सुंगट पाण्यात सोडलं. असं म्हणतात की तळातून म्हशीएवढा एक हेकरू संथपणे वर आला, त्याने तो घास तोंडात घेतला, पुनाजीकडे पाहिलं आणि परत खाली गेला. दुसऱ्या दिवशी साऱ्या होड्यांच्या दोऱ्या ताठ झाल्या. शिशाला मासा लागला आणि कोळंबीलाही लागला.

आज तारवलीत दुकानातून आणलेले धातूचे मासे आहेत, त्यांना जिग म्हणतात; रंगवलेले, वर डोळे चितारलेले. जिग बरा की आमिष बरं, यावर धक्क्यावर अजून भांडणं होतात, आणि दोन्हीकडचे लोक एकमेकांना वेड्यात काढतात. पण होडी सुटायच्या आधी प्रत्येक घरातली धाकटी मुलगी भाजलेलं सुंगट घेऊन किनाऱ्यावर येते. अर्धं ती खाते. तिचं खाऊन होईपर्यंत कुणी वल्ह्याला हात लावत नाही. मग उरलेलं अर्धं ती बापाच्या हातावर ठेवते, आणि बाप ते पुनाजीच्या नावाने खडपावर नेऊन सोडतो.