न उघडलेली पानगी

एका राज्यात दवणावती नावाची राणी होती, आणि तिला माहेर उरलं नव्हतं. माहेरचा अख्खा डोंगरच नाहीसा झाला होता. गच्चीतून पूर्वेला पाहावं, तर जिथे हिरवा डोंगर असायचा तिथे नुसतं आभाळ. राणी रोज तिकडेच बघत बसे आणि जेवणाचं ताट तसंच परत जाई.

झालं होतं ते असं. दवणेची आई कळसाई त्या डोंगराची धनीण. तिच्या तोंडून निघालेला शब्द कधी वाया जात नसे. ती 'ये' म्हणाली की ओढा वळून दाराशी येई. लेकीच्या लग्नानंतर पहिल्या सणाला कळसाई चार माणसं घेऊन राजवाड्यात आली. येताना टोपलीभर पानग्या आणल्या. नाचणीचं पीठ पळसाच्या पानावर थापायचं, वर दुसरं पान घालायचं आणि निखाऱ्यांत भाजायचं, ती पानगी. करपलेली काळी पानं बघून दवणेला दरबारी मंडळींची लाज वाटली. तिनं घाईघाईनं पानं सोलून टाकली आणि उघड्या पानग्या चांदीच्या ताटांत घालून आईपुढे मांडल्या. ताटं दिसली मोठी देखणी. पण डोंगरात जिवंत माणसाला पानगी मिटल्या पानातच देतात. ज्यानं खायची त्यानंच पान उघडायचं. आधीच उघडलेली पानगी ठेवतात ती मेलेल्यांच्या नावानं, कारण त्यांना हात नसतात. लाजेच्या भरात दवणेला याचं भानच राहिलं नाही.

कळसाईनं ताटाकडे पाहिलं आणि मग लेकीकडे.

"आमी मेलो का गं तुला?" ती म्हणाली.

कुठलीही आई दुखावली की म्हणते, तसंच ती म्हणाली. मनात काही वाईट नव्हतं. पण शब्द तो शब्द, आणि तो तिचा तिलाही मागे घेता येत नसे. त्याच क्षणी पाट रिकामे झाले आणि पूर्वेचा डोंगर पुसला गेला.

राजा अरिंजयानं स्वार धाडले, मांत्रिक बोलावले. मांत्रिकांनी लिंबं कापली, दक्षिणा घेतली, ग्रहांवर खापर फोडलं आणि आपापल्या घरी गेले. एके दिवशी गच्चीच्या कठड्यावर धनेश पक्षी येऊन बसला. धनेशाची मादी ढोलीत स्वतःला लिंपून घेते आणि तो बाहेरून तिला भरवत राहतो, म्हणून वाट पाहणं काय असतं ते त्याला ठाऊक.

"राणी, रडून डोंगर उगवत नाही," तो म्हणाला. "तिथली नाचणी आण. तिथलं पान आण. पानगी भाजून आईला रीतीनं वाढ. पहिली दोन कामं सोपी आहेत."

डोंगराची नाचणी आता एकाच जागी उरली होती, पाताळातल्या शापित खजिन्यात. तिथल्या सोन्याला हात लावील तो दगड होई. जिन्यावर असे बरेच दगड बसले होते. काहींच्या डोक्यावर मुकुटही होते. दवणेनं कोपऱ्यातल्या मडक्यातली ओंजळभर नाचणी मागितली. राखणदार नाग गोंधळला. हे मागायला आजवर कोणी आलंच नव्हतं, म्हणून त्यानं दोन ओंजळी दिल्या.

डोंगरातला एक पळस कधीकाळी एका जादूगारानं आपल्या अंगणात आणून लावला होता. कुठेही जा, पळसाला पानं तीनच. पण या पानांच्या बदल्यात जादूगारानं राणीच्या पैंजणांचा नाद मागितला. तिनं दिला. त्यानं तो रुमालात गाठ मारून ठेवला. पैंजण पायांत राहिले, पण वाजेनात.

मग ती डोंगर होता त्या उजाड माळावर गेली. सोबत राजा होता. तिनं नाचणी दळली, पीठ मळलं, पानावर थापलं, वर पान घातलं, निखाऱ्यांत पुरलं. भाजलेली पानगी आईसाठी मांडलेल्या रिकाम्या पाटापुढे ठेवली आणि समोर बसून राहिली. पानाच्या फटीतून वाफ येत होती. त्या वासात तिचं सगळं लहानपण होतं. आत कच्ची तर नाही ना, एकदा बघावं, असं तिला फार फार वाटलं. हात पुढे गेला, तो तिनं मांडीखाली दाबून धरला. आईची आठवण येऊन तिचा जीव नुसता तुटत होता.

ऊन कललं. वाफ निवत आली. राजाला तिची दया आली.

"राणी, पान उघडून ठेवू का? त्यांना सोपं जाईल."

"नको," दवणा म्हणाली. "माझ्या आईला हात आहेत."

तेव्हा पाटावर आधी बोटं दिसली, मग हिरव्या बांगड्यांचं मनगट, मग कळसाई. तिनं सावकाश पान उघडलं. उरलीसुरली वाफ वर गेली, आणि तिच्या पाठीमागे डोंगर उभा होता, झाडंझुडपं, ओढा, माणसं, सगळ्यासकट.

कळसाईनं घास घेतला.

"मीठ इसरलीस," आई म्हणाली.

दवणेला रडू आवरेना. मेलेली माणसं मीठ मागत नाहीत. राजा अरिंजय मुकुट सावरत मीठ आणायला धावला.

दवणेला तिची आई भेटली, तशी ज्याची त्याला भेटो. आणि भेटली की मीठ कमी आहे म्हणून कुरकुरो.